शिडाच्या बोटीवरचा स्वयंपाक: गॅस सिलिंडर की बॅटरीवरची इंडक्शन शेगडी?

कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्याच्या खाड्यांत दोन-चार दिवस मुक्काम करता येईल अशी तीस-पस्तीस फुटी शिडाची बोट घेतली, की स्वयंपाकाची सोय कशी करायची हे ठरवावे लागते. आजवर उत्तर जवळजवळ ठरलेले असे: ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आवाक्यात आल्यापासून इंडक्शनचा पर्यायही खरोखर विचारात घेण्याजोगा झाला आहे. मात्र हा निर्णय शेगडीपेक्षा वापरलेली वीज रोज परत कशी भरणार, यावर अवलंबून आहे.

साठवणीच्या बाबतीत गॅसची बरोबरी होत नाही. एक किलो गॅसमध्ये सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. बर्नरवर त्यातली चाळीस टक्के वाया गेली असे धरले, तरी तेवढेच काम इंडक्शनवर करायला इन्व्हर्टरची घट मिळवून बॅटरीतून सुमारे दहा युनिट काढावे लागतात. १२ व्होल्ट, २८० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत जेमतेम साडेतीन युनिट मावतात आणि त्यातले तीन निर्धास्तपणे वापरता येतात. म्हणजे एका छोट्या सिलिंडरची भरपाई करायला अशा सोळा-सतरा बॅटऱ्या लागतील. पण बॅटरी नांगर टाकलेल्या जागीच भरते, आणि सिलिंडर मात्र डिंगीत (काठावर जायच्या छोट्या होडीत) घालून गावात न्यावा लागतो.

रोजची गरज तशी मोठी नाही. एक लिटर पाणी उकळायला बॅटरीतून सुमारे ०.११ युनिट जातात. दोन माणसांचा चहा, कुकरमधला वरणभात आणि तव्यावरचे मासे धरून दिवसाकाठी एक ते दीड युनिट पुरतात. ४०० वॉटचे सोलर पॅनेल डेकवर आडवे बसवले, तर डोलकाठी आणि शिडाची सावली जमेस धरूनही कोरड्या ऋतूत साधारण तेवढेच देते. पण फ्रिज, दिवे आणि पाण्याचा पंप त्याच विजेवर चालत असतील, तर पॅनेल वाढवावे किंवा इंजिनची मदत घ्यावी. इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून ३० अँपिअरच्या डीसी चार्जरने तासाला ०.४ युनिट मिळते, म्हणजे खाडीतून बाहेर पडताना आणि परत येताना एका जेवणाची वीज आपोआप भरली जाते. पावसाळ्यात पॅनेलचे उत्पन्न बरेच घटते, पण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि हौशी बोटी शाकारून काठावर चढवलेल्या असतात, त्यामुळे ही उणीव आपल्याकडे फारशी जाणवत नाही.

खरी अडचण विद्युतप्रवाहाची आहे. १८०० वॉटची शेगडी पूर्ण जोरावर चालली, की १२ व्होल्टच्या बॅटरीतून १५० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. त्यासाठी ७० चौरस मिलिमीटरची आखूड तांब्याची केबल आणि बॅटरीलगत योग्य फ्यूज हवाच. हेच काम २४ व्होल्टवर निम्म्या प्रवाहात होते, म्हणून नवी वायरिंग करणाऱ्याने २४ व्होल्टच घ्यावे. लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर इंडक्शन चालवण्याच्या फंदात पडू नये, कारण एवढ्या ओढीला त्यांचा व्होल्टेज कोसळतो आणि कुकरची शिटी होण्याआधीच इन्व्हर्टर बंद पडतो. स्वस्त शेगड्यांत आणखी एक मेख आहे: मंद आच लावली तरी त्या पूर्ण जोरावर चालू-बंद होत राहतात, त्यामुळे ‘आपण ४०० वॉटवरच दूध तापवतो’ हा हिशेब इन्व्हर्टरला लागू पडत नाही. शिवाय रिकामा चालू ठेवलेला मोठा इन्व्हर्टर दिवसभरात अर्धा युनिट सहज गिळतो. स्वयंपाक आटोपला की तो बंद करावा.

सुरक्षिततेत पारडे इंडक्शनकडे झुकते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचतो, आणि तिथे बिल्ज पंपाची (तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची) एक ठिणगीही पुरते. म्हणूनच सिलिंडरला केबिनपासून बंदिस्त आणि बाहेरच्या बाजूला निचरा असलेला स्वतंत्र कप्पा लागतो, जो जुन्या छोट्या बोटींत बहुधा नसतो. लाटांचे तुषार येतात म्हणून हॅच (डेकवरचे झाकण) लावून घेतले, तर ज्योतीची उष्णता, दमटपणा आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच कोंडतो. मे महिन्यातल्या केबिनमध्ये हे नुसते गैरसोयीचे नसून धोक्याचे आहे. इंडक्शनसाठीही ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग लागते, आणि बॅटऱ्या इंजिनच्या कप्प्यातल्या उष्णतेपासून दूर ठेवाव्या लागतात.

रांधण्याच्या दृष्टीने गॅस अजूनही मोकळाढाकळा आहे. जर्मनची पातेली इंडक्शनवर चालत नाहीत. बिडाचा तवा चालतो, पण आतली कॉइल लहान असल्याने भाकरीच्या कडा कच्च्या राहतात आणि ती आचेवर फुगवता येत नाही. भाकरीवाचून ज्याचे भागत नाही, त्याने हे आधीच लक्षात घ्यावे. काचेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर भांडे सरकते, म्हणून कडेने अडसर बसवावेत. खारट हवेने घरगुती शेगडीचा पंखा आणि सर्किट लवकर खराब होते, पण ती दोन-तीन हजारांत मिळत असल्याने दुसरी पिशवीत बांधून ठेवणे परवडते.

दोन-तीन माणसांच्या, लिथियम बॅटरी आणि ४०० वॉटहून अधिक पॅनेल असलेल्या बोटीला मी इंडक्शन सुचवेन. सहा-आठ खलाशी घेऊन चार-पाच दिवस समुद्रात राहणाऱ्या मासेमारी ट्रॉलरला मात्र मोठ्या टोपातल्या भातासाठी गॅसच सोयीचा आहे. तिथे आधी सिलिंडरचा कप्पा आणि रबरी नळी तपासून घेण्यावर खर्च करावा.