घानातल्या मुलाला आलेलं गोव्याच्या क्लबचं पत्र

आम्ही घानात, टेमा बंदराजवळ राहतो. इथे कारखान्यांत आणि व्यापारात भारतीय बरेच आहेत. भारतातल्या एखाद्या फुटबॉल क्लबचं पत्र आलं की इथली माणसं ते खरं-खोटं करायला आपल्यापैकीच कुणाकडे तरी येतात, म्हणून हे मराठीत लिहितेय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या आंटींच्या मुलाला असंच पत्र आलं. त्यात आंटींचे पैसे गेले, थोडे आमचेही गेले. पण मला जास्त राग आहे तो त्या पोराचं उमेदीचं वर्ष वाया गेलं याचा.

मुलगा सतरा वर्षांचा. इथे वस्त्या-वस्त्यांमध्ये मुलांचे वयोगटाप्रमाणे संघ असतात, त्यांना कोल्ट्स म्हणतात. त्यातल्या एका संघात तो डाव्या बाजूने खेळतो आणि चेंडू पायात आला की मैदानाबाहेरची गर्दी ओरडायला लागते. त्या गर्दीतच स्वतःला एजंट म्हणवणारा एक माणूस येऊन बसायचा. गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘फिफा परवानाधारक’ आणि २०१८ हे साल. गोव्यातल्या एका क्लबला हा मुलगा हवाय, असं त्याने सांगितलं. रँटी मार्टिन्स, ओडाफा ओकोली ही नावं त्याच्या तोंडी होतीच. हे दोघे नायजेरियन स्ट्रायकर गोव्याच्या क्लबांकडून खेळून भारतभर गाजले, हे खरंच आहे. मुलाला तेवढं पुरलं.

मग पैसे सुरू झाले. आधी नोंदणीचे, नंतर वैद्यकीय तपासणीचे, मग व्हिसाचे, शेवटी परत मिळणारी म्हणून ‘हमी रक्कम’. प्रत्येक वेळी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत आणि प्रत्येक वेळी मोबाइल मनीचा वेगळा नंबर, वेगळ्या नावाचा. आंटींनी सुसूत, म्हणजे इथल्या भिशीत, साठवलेलं सगळं काढून दिलं. तिकिटाला आम्ही हातभार लावला. मुलाचं वय पंधरा दाखवणारा नवा जन्मदाखलाही करून देतो, असं तो म्हणाला, तेव्हा मात्र आंटी ठाम नाही म्हणाल्या. त्या बाईंचं मला फार कौतुक वाटतं. पासपोर्ट व्हिसाच्या नावाखाली त्याच्याकडे गेला तो गेलाच, आणि हमी रक्कम पोचली त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद.

म्हापशाला माझा मावसभाऊ असतो. तो पत्राची प्रत घेऊन त्या क्लबच्या कार्यालयात गेला. असं पत्र आम्ही पाठवलेलंच नाही, ही सही आमच्या कुणाची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

यानंतर मी नियम वाचून काढले आणि संताप आणखी वाढला. त्या माणसाचं खोटं त्याच्या गळ्यातच लटकत होतं! फिफाने एजंटांची परवाना पद्धत २०१५ मध्ये बंद केली होती आणि परीक्षेसह पुन्हा सुरू केली ती २०२३ मध्ये. मग २०१८ चा फिफा परवाना येणार कुठून? आता परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. दुसरं, फिफाच्या खेळाडू-बदलीच्या नियमांतल्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात बदली होत नाही. मोजके अपवाद आहेत, पण घानातला सतरा वर्षांचा मुलगा एकटाच गोव्याला करारावर जाणं त्यात कुठेच बसत नाही. त्या पत्रात तर तीन वर्षांचा करार होता.

खरा मार्ग कसा असतो ते घानाचा नावाजलेला फुटबॉलपटू मोहम्मद कुडुस याच्याकडे बघून कळतं. तो राजधानी अक्राच्या निमा वस्तीतला. राइट टू ड्रीम या अकादमीत वाढला आणि डेन्मार्कच्या नॉर्डशेलंडकडून पहिला सामना खेळला तो २०१८ मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावरच. तिथून नेदरलँड्सचा आयॅक्स क्लब, मग इंग्लंड. त्या अकादमीत मुलांकडून फी घेत नाहीत. खऱ्या व्यवहारात पैसा क्लबकडून खाली येतो. दुसऱ्या क्लबने रक्कम मोजून करारबद्ध खेळाडू घेतला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांसाठी राखलेले असतात. मुलाच्या आईच्या भिशीतून पैसा वर जातो, तिथे फुटबॉल नसतोच.

पैसे जाण्यावरच हे थांबलं असं समजू नका. २०१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतली २३ अल्पवयीन मुलं अकादमीच्या नावाखाली थेट लाओसला नेल्याचं उघड झालं होतं. त्या अकादमीची नोंदणीच नव्हती आणि मुलं स्टेडियममधल्या एका खोलीत जमिनीवर झोपत होती. आमचा मुलगा निदान घरी आहे.

पोलिसांत तक्रार दिली आहे, मोबाइल मनीच्या पावत्या जोडल्या आहेत, नव्या पासपोर्टचा अर्ज केला आहे. तो माणूस आता पलीकडच्या वस्तीत कोलकात्याच्या क्लबचं पत्र दाखवत फिरतोय, असं कानावर आलंय. तुमच्याकडे कुणी असं पत्र घेऊन आलं, तर त्यावरच्या नंबरला फोन करू नका. क्लबचा पत्ता स्वतः शोधा, प्रत त्यांना पाठवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पासपोर्ट मुलाच्या आईच्या कपाटातच राहू द्या.