सासूबाईंचा डबा आणि न्युमिस्टा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत गेल्या जूनमध्ये पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हाती लागला. उचलला तर हात खाली गेला, इतका जड. आत नाणी. मी तो भंगारवाल्याच्या ढिगाकडे सरकवणार, तेवढ्यात आई (माझ्या सासूबाई) खुर्चीतून म्हणाल्या, "अगं, त्यात चवल्या-पावल्या आहेत, टाकू नकोस."

भाड्याच्या घरात तो डबा माझ्याच उशाशी आला. पहिल्याच रविवारी मी एक घोडचूक केली. देवाची भांडी घासतो तशी आठ-दहा तांब्याची नाणी चिंच आणि मीठ लावून लख्ख घासली. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग ही नाणी नक्की कोणती, हे शोधता शोधता न्युमिस्टा सापडलं, आणि तिथे पहिली गोष्ट वाचली ती ही की जुनं नाणं कधीही घासू नये. वर्षानुवर्षं चढलेला तो काळपट थरच संग्राहकांना हवा असतो. माझी नाणी आता नव्या घंगाळासारखी चमकतात आणि त्यांना कोणी विचारत नाही.

न्युमिस्टा म्हणजे जगभरच्या नाण्यांची सूची. २००७ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. खातं फुकट. सूचीतली पानं सदस्यच भरतात. वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंची अक्षरं, कोणत्या वर्षी कुठल्या टाकसाळीत पाडलं, फोटो, सगळं लोकांनी घातलेलं. तुम्ही एखादी दुरुस्ती सुचवली की ती थेट छापली जात नाही, त्या विभागाचा जाणकार सदस्य ती तपासतो. तोही तुमच्या-आमच्यासारखाच हौशी.

सुरुवातीचे दोन महिने मी फक्त जुळवाजुळव केली. रोज रात्री जेवण झाल्यावर वीसेक नाणी, भिंग, फूटपट्टी आणि फ्रीजवरचं लोहचुंबक. चुंबकाचा उपयोग मला आधी माहीत नव्हता. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया त्याला चिकटतो, तांबं-निकेलचा जाडजूड पाच रुपया चिकटत नाही. तारखेखालची खूण वाचायलाही तिथेच शिकले. चौकट म्हणजे आपली फोर्टातली मुंबईची टाकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. इतकी वर्षं हातातून हजारो नाणी गेली, तारखेखाली काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. आता जांभळी नाक्यावर भाजी घेतली की सुट्टे पैसे पिशवीत टाकायच्या आधी उलटून बघते. मागे मेथीच्या जुडीचे सुट्टे म्हणून १९९९ चा पाचाचा डॉलर मिळाला (आमच्याकडे जाड नाण्याला मुलं डॉलर म्हणतात), त्यावर तारखेखाली रशियन अक्षरं होती. मॉस्कोच्या टाकसाळीची खूण. त्या काळात भारताने काही नाणी परदेशातून पाडून घेतली होती. भाजीवाल्या मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "रशियाचं असलं तरी पाचाचंच ना?"

डब्यातली खरी मजा मात्र आण्यांची. सूची सांगते: दोन आणे, चौकोनी, कोपरे गोल. आई सांगतात: चवली. एक आणा कंगोऱ्यांचा, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हा आई नऊ वर्षांच्या होत्या. रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते एका दिवसात शंभर झाले, आणि नव्याला 'नया पैसा' म्हणायचं ठरलं. १९६४ मध्ये त्यातला 'नया' गेला. आई म्हणतात की वाणी पुढे कितीतरी वर्षं आण्यातच हिशेब सांगायचा आणि त्या घरी येऊन बोटांवर उलटा हिशेब करायच्या. मी भिंगातून वर्ष वाचायचे, त्या नाव सांगायच्या, मी टाइप करायचे. पावसाळा असा गेला.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी. प्रत्येक नाण्याला शून्य ते शंभर असा दुर्मीळतेचा आकडा असतो. किती सदस्यांच्या संग्रहात ते नाणं आहे, यावरून तो काढतात. ऐकायला चोख वाटतं. पण आपल्याकडची जुनी नाणी कपाटात, देवघरात, लुगड्याच्या घडीत असतात, त्यांची नोंद कोण करणार? माझ्याकडे दोन दुदांडी शिवराया आहेत. तांब्याच्या, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति' आणि त्या अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा, म्हणून दुदांडी. शिवकाळानंतरही दीर्घकाळ ही नाणी पाडली जात होती, आणि जुन्या सराफाकडे गेलात तर वाटीभर दिसतील. न्युमिस्टावरचा आकडा बघून मात्र माझ्या नवऱ्याला वाटलं की आपण श्रीमंत झालो. तो आकडा नाण्यांची टंचाई सांगत नाही, फ्रान्स-जर्मनीच्या मानाने आमच्यासारख्यांचे डबे तिथे किती कमी पोहोचलेत तेवढंच सांगतो. किमतींचंही तसंच. त्या सदस्यांच्या अंदाजांवरून आणि इंटरनेटवरच्या विक्रीवरून काढलेल्या असतात. दिशा कळते, भाव कळत नाही.

दुसरी तक्रार वेळेची. शिवराईचा जास्त स्पष्ट फोटो मी पाठवला, तर उत्तर यायला अडीच आठवडे लागले. आणि उत्तर काय, तर वजन दोन दशांश स्थळांपर्यंत हवं. माझा स्वयंपाकघरातला काटा नऊ आणि दहा ग्रॅमच्या मध्ये लटपटतो. मग राम मारुती रोडच्या एका सोनारकाकांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "विकायचंय?" नाही म्हटल्यावर कपाळाला आठ्या घातल्या, पण तोलून दिलं, वर चहाही पाजला. कॅलिपरने व्यास तीन ठिकाणी मोजला, तिन्ही वेगळे आले, कारण हाताने पाडलेलं नाणं कधीच नेमकं गोल नसतं. ते तिन्ही आकडे पाठवले. त्या परदेशी जाणकाराने आभार मानून अजून एक प्रश्न विचारला, रेघांच्या मधली नक्षी पानाची आहे की फुलाची? रात्री साडेअकराला मी भिंग घेऊन बसले. खरं सांगते, चिडचिड झाली. पण त्या प्रश्नाआधी माझ्या दोन शिवराया मला सारख्याच वाटत होत्या, आणि त्या नाहीत. एकीवर पान आहे, दुसरीवर नुसते ठिपके.

फोटो टाकून नाणं ओळखायची सोय आहे. यंत्राने पाडलेल्या नाण्यांना छान चालते, शिवराईला पार गोंधळते. इंग्रजी, फ्रेंच अशा भाषा आहेत, मराठी अर्थातच नाही, त्यामुळे आईंना एकटीला वापरता येत नाही.

देवाणघेवाण हा तिथला लोकप्रिय भाग. जास्तीची नाणी यादीत लावायची, समोरच्याशी बदलायची. मी एकदाच केली, डोंबिवलीच्या एका काकांशी, ठाणे स्टेशनच्या पुलावर, दोघांच्या हातात भिंग. येणारे-जाणारे बघत होते. परदेशी सदस्यांना मात्र मी नाही म्हणते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नव्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं. समोरचा सहज विचारतो आणि आपण भिडेखातर हो म्हणून बसतो.

एका गोष्टीसाठी मी या सूचीचे पाय धरीन. दिवाळीत आमच्या नणंदेच्या सोसायटीत एका आजोबांना फोन आला. तुमच्याकडचं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना घेतो, आधी नोंदणी फी भरा. ते भरून मोकळे झाले. त्यांना दाखवायला मी पान उघडलं: २०१२ चं नाणं, वापरासाठी भरपूर काढलेलं, किंमत अगदी किरकोळ. तसंच ते १८१८ सालचं, ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून खपवलं जाणारं हनुमानाचं नाणं. कंपनीने असलं काही पाडलंच नाही. न्युमिस्टावर ती खऱ्या नाण्यांत नाहीत, काल्पनिक वस्तूंत घातली आहेत. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये आपलं नाव वापरून चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. आजोबांचे पैसे गेले ते गेले, पण त्यांच्याकडून आमच्या ग्रुपवर येणारे 'हे नाणं असेल तर' छापाचे निरोप तेव्हापासून थांबले.

याच नादाने मी डिस्कॉग्जवरही डोकावले, सासऱ्यांच्या गाण्यांच्या तबकड्यांसाठी. पद्धत तीच, लोकांनी भरलेली सूची, फक्त नाण्याच्या जागी तबकडी आणि टाकसाळीच्या खुणेच्या जागी मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक. पण एका घरात एकच वेड पुरे, म्हणून बंद केलं.

डब्यात चार भोकाचे पैसे होते, १९४३ ते १९४७ मधले, मध्ये गोल भोक पाडलेले. तीन ठीक आहेत. चौथ्याचं भोक एका बाजूला झिजून लांबट झालंय. मी तो फोटोसह यादीत लावला तर एका सदस्याने विचारलं, हे कोणी कानशीने घासलंय का? मी आईंना विचारलं. त्यांनी नाणं हातात घेतलं, न बघताच अंगठ्याने भोक चाचपलं आणि म्हणाल्या, "कानस कशाला? ह्यांच्या करगोट्यात होता. मग माझ्या पोराच्या. दोऱ्याने झिजलाय."

त्या सदस्याला मी दोरा असं लिहिलं. त्याने विचारलं, कसला दोरा? ते इंग्रजीत समजावताना माझा अर्धा तास गेला.

गेल्या आठवड्यात घाटकोपरला भाच्याच्या मुलाचं बारसं झालं. मी यादीत चारचे तीन केले.