बोटांनी ईसीजी काढणारं मशीन : सात महिन्यांनंतर

नोव्हेंबरात साडेपाच हजारांना घेतलं. आमचं गाव आर्णी तालुक्यात. रात्री छातीत मासोळी उलटल्यासारखं व्हायचं, आणि सकाळी दवाखान्यात गेलो की ईसीजी एकदम साफ. त्या कागदावर उमटतात जेमतेम दहा सेकंद. चुकणारा ठोका तेवढ्यात सापडेल तर शपथ!

मशीन काडेपेटीएवढं. दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर टेकवायची, तीस सेकंद हलायचं नाही, रेघ फोनवर येते. म्हणायला सोपं. कापूस वेचून बोटं भेगाळली की रेघ नुसती थरथरते. ओल्या फडक्यानं पुसून घेतली की सुधारते. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरजवळ बसून काढलं तर रेघेला बारीक झालर येते, कारण ५० हर्ट्‌झची वीज त्यात मिसळते. हे माहितीपत्रकात कुठंच नव्हतं, माझं मला कळायला महिना गेला. ॲप सगळं इंग्रजीत, तेही एक दुखणंच.

पहिले तीन आठवडे मी वेड्यासारखा वागलो. दिवसातून वीस-वीस वेळा काढायचो. कधी ‘नॉर्मल’, कधी ‘अनक्लासिफाईड’. त्या शब्दानं झोपच उडाली. शेवटी घरची म्हणाली, “काहून पायता घडीघडी? अशानं चांगलं काळीज बी चुकंन.”

यवतमाळला डॉक्टरांना पीडीएफ दाखवली. मशीननं मारलेला शिक्का त्यांनी वाचलाही नाही, सरळ रेघ मोठी केली. अनक्लासिफाईड म्हणजे मशीनला ओळखता आलं नाही, एवढंच. एक ठोका वेळेआधी आलेला, इतरांपेक्षा रुंद आणि वेडावाकडा. त्याच्यामागं मोकळी जागा. हा ठोका खालच्या कप्प्यातून अवेळी उठतो. नंतरच्या विसाव्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला धस्स होतं ते त्या पुढच्या ठोक्यानं! मी उगाच समजत होतो की हृदय बंद पडून परत सुरू होतंय.

तरी त्यांनी चोवीस तासांचा होल्टर लावला, म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी टिपणारं यंत्र. लाखभर ठोक्यांत असे ४१२ निघाले. इको (हृदयाची सोनोग्राफी), हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम ठीक. हृदय धडधाकट असेल तर एवढ्यानं सहसा काही बिघडत नाही म्हणाले. मग विचारलं, झोपता किती? डिसेंबरात हरभऱ्याला पाणी, लाईन रात्रीची, वरून रानडुकरांची जागल, आणि जागं राहायला सहा-सात कप काळा चहा. चहा दोनावर आणला, जागल भावाशी वाटून घेतली. मासोळी अजून उलटते, पण आठवड्यातून एखाद्या वेळी. आता जाणवलं तरच बोटं लावतो आणि तारखेपुढं काय करत होतो ते लिहून ठेवतो. डॉक्टरांना त्या नोंदीच जास्त कामाच्या वाटल्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. दवाखान्यातला ईसीजी हृदय बारा बाजूंनी पाहतो, हे मशीन एकाच बाजूनं. हार्ट अटॅक यात दिसेलच असं नाही. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, भोवळ आली, दम लागतोय, तर ‘नॉर्मल’ पाहून घरी बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा.

मार्चात शेजारच्या काकाजींनी गंमत म्हणून बोटं लावली. वय एकाहत्तर, तक्रार कसलीच नाही. मशीननं ‘पॉसिबल एएफ’ दाखवलं. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ठोक्यांची लयच विस्कटते तो आजार. माझ्या रेघेत नियमित ठोक्यांमध्ये मधेच एक घुसखोर असतो. त्यांच्या रेघेत कोणत्याच दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. दोनदा परत काढलं, तसंच. दवाखान्यातल्या ईसीजीत तेच निघालं. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन मेंदूकडं जायची भीती असते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. काकाजी अजून म्हणतात, “मले तं काहीच होत नोतं बाप्पा!”

मशीन तेव्हापासून त्यांच्याच आलमारीत आहे. मला लागलं की मागून आणतो.