सांगलीच्या उन्हातला पर्गोला: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

विश्रामबागेतल्या घरामागच्या बागेत जानेवारीत पर्गोला, म्हणजे खांबांवरचा बसायचा मांडव, उभा केला. त्याखाली उन्हाळा काढला, वळीव काढला, पावसाळाही काढला. त्यामुळे आता ठामपणे सांगतो: सांगली-मिरजेत पर्गोला करायचा असेल तर आधी छत ठरवा, सांगाडा मागाहून. आणि छत ठरवताना पावसाच्या आधी उन्हाचा विचार करा. आपल्याकडे पाऊस बेताचाच, ऊन मात्र फेब्रुवारी संपताना सुरू होतं ते मृगापर्यंत पाठ सोडत नाही.

फोटोत दिसतात ते नुसत्या उभ्या पट्ट्यांचे पर्गोले आपल्या उपयोगाचे नाहीत. सांगली साधारण १७ अक्षांशावर आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी उभ्या पट्टीची सावली तिच्या जाडीएवढीच पडते. दीड इंची पट्ट्या सहा-सहा इंचांवर लावल्या तर पाऊण ऊन सरळ खाली येणार. थंडीत सूर्य दक्षिणेला कलला की पूर्व-पश्चिम लावलेल्या त्याच पट्ट्या चांगली सावली देतात, पण तेव्हा आपण ऊन शोधत असतो.

छताला पर्याय बरेच पाहिले. रंगीत पत्रा स्वस्त आणि टिकाऊ, पण खाली झळ मारतो आणि सरी आल्या की बोलणं ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं दिसायला सगळ्यात देखणी, पण त्यांना चांगला उतार लागतो आणि वजनामुळे लोखंड वाढतं. नुसती शेडनेट पाऊस अडवत नाही. शेवटी १० मिलिमीटरची, पोकळ कप्प्यांची दुधी पॉलिकार्बोनेट (कणखर प्लास्टिकची) शीट घेतली. पारदर्शक शीट बागेवर छान दिसते, पण खाली काचघर तयार होतं. दुधी शीटमधून उजेड पसरून येतो, पुस्तक वाचता येतं, डोळे दिपत नाहीत.

तरी एप्रिलच्या दुपारी एकटी शीट पुरत नाही. म्हणून तिच्यावर वीतभर अंतर सोडून तारा ओढल्या आणि ७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट ताणली. ही युक्ती तासगावकडच्या, बेदाणे वाळवायच्या शेडवरून सुचली. शेडनेटचे टक्के, शिलाई, कडेचे रिंग यातलं तिथल्या दुकानदारांना जितकं कळतं तितकं फर्निचरवाल्यांना कळत नाही. जाळी शीटच्या खाली लावली तर उष्णता आत येऊन मग अडते. वर लावली की ऊन बाहेरच अडतं आणि मधल्या फटीतून वारा खेळतो. दुपारी दोनला शीटच्या खालच्या बाजूला हात लावून पाहिला: जाळीखालचा भाग कोमट, जाळी सरकवलेला भाग चटका देणारा. वळवात गारा आल्या तेव्हा त्यांचा मारही जाळीनेच झेलला. मृगाचा पाऊस लागला की जाळी काढून गुंडाळून ठेवायची, नाहीतर पाला अडकून शीटवर शेवाळ धरतं.

शीट बसवणं हे खरं कौशल्याचं काम, आणि आमच्या फॅब्रिकेटरने तिथेच जीव खाल्ला. या शीटच्या एकाच बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो. ती बाजू आकाशाकडेच हवी, वरच्या फिल्मवर तसं छापलेलं असतं. गडी म्हणाला, "साहेब, काय फरक पडतोय, दोन्ही बाजू सारख्याच." मी शिडीशेजारी उभा राहून एकेक शीट पाहून घेतली. उलटी बसलेली शीट काही वर्षांत पिवळी पडून तडकते. कप्पे उताराच्या दिशेने हवेत, म्हणजे आत साचलेला दमटपणा खाली निघून जातो. वरची कड ॲल्युमिनियम टेपने बंद करायची आणि खालच्या कडेला हवा जाऊ देणारी, बारीक भोकांची टेप लावायची. कडा उघड्या राहिल्या की कप्प्यांत धूळ, मुंग्या आणि हिरवा थर शिरतो, आणि तो मग निघत नाही.

स्क्रूची भोकंही मोठी पाडून घ्या. हे प्लास्टिक उष्णतेने बरंच वाढतं. दहा फुटी शीट थंडीतल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत सात-आठ मिलिमीटर लांबते. भोक घट्ट असेल तर शीट फुगते नाहीतर भोकापाशी चीर जाते. आमच्याकडे संध्याकाळी ऊन उतरलं की छतातून कट् कट् आवाज येतो. ती शीट आकसत असते, काळजीचं काही नाही. उतार दहा फुटांना एक फूट दिलाय. पाणी खालच्या पन्हळीतून ड्रममध्ये जातं. पावसाचा आवाज होतो, पण पत्र्यासारखा नाही, गप्पा चालू राहतात.

आता जमीन. आमच्या भागात काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत फूट-दीड फुटाचा खड्डा करून पाईप उभा केला तर दोन-तीन वर्षांत खांब कलतात. आम्ही मुरूम लागेपर्यंत खोदलं, खड्ड्याच्या कडेने मुरूम भरला, काँक्रीटचे ठोकळे जमिनीवर अर्धा फूट काढले आणि त्यावर प्लेट-बोल्टने तीन इंची चौकोनी जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाईप बसवले. लोखंडाचा मातीला स्पर्शच नको. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथे झिंक प्रायमर मारलाच पाहिजे. बोल्टकडे दुर्लक्ष करू नका: वळवाचा वारा छताला खालून उचलतो, त्यामुळे वजन पेलण्याइतकंच धरून ठेवणंही महत्त्वाचं.

अर्धा भाग वेलासाठी उघडा ठेवलाय. "सांगलीत राहून द्राक्षाचा मांडव नाही?" असं सगळ्यांनी विचारलं. पण द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते, म्हणजे ऐन उन्हात मांडव उघडाबोडका. छाटणी टाळली तर वेल नुसता माजतो, आणि पावसाळ्यात डाऊनी या रोगासाठी फवारण्या आल्याच. जिथे आई रोज भाजी निवडत बसते तिथे मला फवारणी नको होती. मधुमालती लावली. पहिल्याच पावसाळ्यात तिने तारा गाठल्या. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल होतात आणि वास ओटीपर्यंत येतो. मात्र तिला शीटवर चढू देऊ नका, पाल्याखाली ओल धरते.

पश्चिमेचं ऊन कोणतंच छत अडवत नाही, तिथे बांबूची चिक सोडा. तिच्याशिवाय चार ते सहा बसता येत नाही.

उसाच्या हंगामात पाचट पेटलं की काजळी उडून येते आणि दुधी शीटवर लगेच दिसते. साधं पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं. थिनर, पेट्रोल किंवा घासणी लावली तर शीट कायमची खराब होते.

खर्चात शीटपेक्षा लोखंड आणि पायाच भारी पडला. काटकसर करायची असेल तर आकारात करा, जाडीत नको. शीट घेताना कंपनी, जाडी आणि वॉरंटीची वर्षं बिलावर लिहून घ्या, आणि फिल्म दुकानात काढू देऊ नका, बसवताना तुमच्यासमोर निघू दे.