'स्वीनी टॉड' पहिल्यांदा ऐकताय? मग कोणत्या नटसंचाचं ध्वनिमुद्रण?

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री दहाच्या सुमाराला ऑर्गनवाला सूर धरतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. शेतात जागलीला असताना मी मोबाइलवर 'स्वीनी टॉड' या अमेरिकी संगीत नाटकाचं १९७९चं ध्वनिमुद्रण लावलं, तर तेही ऑर्गननंच सुरू झालं. वडसा-ब्रह्मपुरीच्या नाटकांवर वाढलेल्या कानाला एकदम ओळखीचं वाटलं. आणि मग कारखान्याचा भोंगा असा किंचाळला की हातातली बॅटरी खाली पडली.

गोष्ट भयंकर आहे. खोट्या आरोपावरून काळ्या पाण्यावर पाठवलेला न्हावी लंडनला परततो आणि गिऱ्हाइकांचे गळे चिरू लागतो. खालच्या मजल्यावरची मिसेस लव्हेट ते मांस भरून कचोरीसारखा पदार्थ भाजते, विकते. गीतं-संगीत स्टीफन साँडहाइमचं.

१९७९च्या संचात लेन कॅरिऊ आणि अँजेला लान्सबरी. या नाटकाला ८ टोनी, म्हणजे अमेरिकी रंगभूमीचे मानाचे पुरस्कार मिळाले. लान्सबरीचं पहिलं गाणं ऐका: कणीक आपटत, धापा टाकत, एका वाक्यातून दुसऱ्यात घसरत ती गाते. हसू येतं आणि त्याच बाईची भीतीही वाटते. कोरस तर अंगावर येतो. त्यात चर्चमधल्या मृतांच्या प्रार्थनेची जुनी धून गुंफलेली आहे. न्हाव्याला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं, रंगमंचावरून काढून टाकलेलं एक गाणंही या ध्वनिमुद्रणात आहे.

२००५चा संच अगदी वेगळा. जॉन डॉयलच्या या प्रयोगात दहाच नट, आणि वाद्यंही तेच वाजवतात. मिसेस लव्हेट झालेली पॅटी ल्यूपोन ट्यूबा, म्हणजे पितळी भोंग्याचं मोठं वाद्य, वाजवते. नाटकात प्रेमात पडलेली दोघं तरुण पात्रं चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य. एकाच माणसानं गायचं, बोलायचं, वाजवायचं, हे आमच्याकडची दंडार, म्हणजे लोकनाट्य, पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. आवाज सुका, जवळचा, बंद खोलीतला. मला हा संच जिवापाड आवडतो, पण गोष्ट ठाऊक नसेल तर कोण गातंय तेच कळत नाही. म्हणून हा दुसऱ्या खेपेला.

२००७च्या सिनेमाच्या गाण्यांत जॉनी डेप पुटपुटल्यासारखं गातो. वाद्यवृंद भरगच्च आहे, पण कोरसनं गायचं सुरुवातीचं कथागीतच गाळलं. आमच्याकडे नांदीशिवाय नाटक लावलं तर लोक काय म्हणतील? चित्र पाहून कथा समजून घ्यायला सिनेमा ठीक.

२०२३चा जॉश ग्रोबन आणि अ‍ॅनली अ‍ॅशफर्डचा संच आवाजानं सगळ्यांत स्वच्छ. २६ वादक, जोनाथन ट्यूनिकची मूळ वाद्यरचना. इंग्रजी शब्द पकडायला जड जात असतील तर इथूनच सुरुवात करा, ग्रोबनचा प्रत्येक शब्द सुटा कळतो. पण त्याचा गळा इतका गोड की वस्तऱ्याला मित्र म्हणून गातो तिथं मला धास्ती वाटली नाही. कॅरिऊच्या त्याच ओळींना मी शेतातल्या मचाणीवर मागं वळून पाहिलं होतं.

माझं मत १९७९लाच. शब्द आधी एकदा वाचून घ्या, गाणी क्रमानं लावा. दुसऱ्या अंकात न्हावी मुलीच्या आठवणीत शांतपणे गातो आणि गाता गाता एकेक गळा चिरतो. तिथं इअरफोन काढू नका.