पदवी जुन्या नावाची, विद्यापीठ नव्या नावाचे: अर्जाला कोणते कागद जोडावेत?

आधी पदवीवर काय छापले आहे ते नीट वाचा. सोलापुरात शिकलेल्यांकडे तीन नावे सापडतात. २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत जिल्ह्यातली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. मग एकाच जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ आले आणि २०१९ मध्ये त्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झाले. शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर पडताळणीसाठी केगावला, म्हणजे सोलापूर विद्यापीठात, खेटे घालू नका, कोल्हापूरलाच अर्ज करा.

मधल्या काळातल्या पदवीधरांसमोर खरे दोन मार्ग आहेत: जुनी पदवी आहे तशी वापरून सोबत नामविस्ताराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत जोडायची, किंवा विद्यापीठाकडून नव्याने ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायची.

देशातल्या नोकरीला, पुढच्या प्रवेशाला पहिला मार्ग पुरतो. खर्च झेरॉक्सचा. फॉर्ममध्ये मात्र पदवीवरचेच नाव लिहा, जागा असेल तर पुढे 'सध्याचे नाव' म्हणून नवे. नुसते नवे नाव लिहिले की कंपनीच्या पडताळणीत कागद आणि फॉर्म जुळत नाहीत आणि फाइल अडते. ऑनलाइन यादीत फक्त नवे नाव दिसत असेल तर तेच निवडा, पण अधिसूचना अपलोड करा. नवे नाव लांबलचक आहे. अक्षरमर्यादेमुळे ते मध्येच तुटले तर 'सोलापूर विद्यापीठ' हा भाग राहील असे लिहा. नाव बदलताना गावाचे नाव राखले, त्याचा इथे फायदाच होतो.

परदेशी शिक्षणाला किंवा स्थलांतराला दुसरा मार्ग टळत नाही, कारण मूल्यमापन करणाऱ्या अनेक संस्था विद्यापीठाकडून थेट आलेलीच ट्रान्सक्रिप्ट मानतात. घोळ इथेच होतो: ट्रान्सक्रिप्ट नव्या नावाच्या लेटरहेडवर, गुणपत्रिका जुन्या नावाच्या. तिकडच्या माणसाला ती दोन वेगळी विद्यापीठे वाटतात. म्हणून अर्जातच लेखी मागा, की 'पूर्वीचे सोलापूर विद्यापीठ' असा उल्लेख ट्रान्सक्रिप्टवर असावा. अधिसूचनेची प्रत मराठी असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडा, एटीकेटीच्यासुद्धा. मुदतीच्या तोंडावर हे काम काढू नका. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय करते ते प्रमाणन, मूळ पदवीवर लागते. ट्रान्सक्रिप्ट तिची जागा घेत नाही.

काही जण तिसराच विचार करतात: पदवीची दुय्यम प्रत नव्या नावाने काढू. ती सोय हरवलेल्या किंवा खराब झालेल्या पदवीसाठी आहे. मूळ कागद हातात असताना 'दुय्यम' शिक्क्याची प्रत पुढे केली तर प्रश्न वाढतात. २०१९ आधीची पदवी नाव बदलल्याने अवैध ठरत नाही, तेव्हा ती लॅमिनेट न करता जपा. अपोस्टिलचे स्टिकर आणि शिक्के प्लॅस्टिकवर लावत नाहीत.