प्लॉट साफ करायचाय: जेसीबी, औषध की माणसं?

प्लॉटवर घाणेरी, गाजर गवत, सुबाभूळ, वेडी बाभूळ असं सगळं माजलेलं असेल आणि बांधकाम सुरू करायचं असेल तर फिरून फिरून हेच तीन पर्याय समोर येतात. तिन्ही वापरून बघितलेत, तुमच्या जागेवर थोडं वेगळं घडू शकतं हे धरून वाचा.

औषधाचं आधी उरकतो. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून मुळापर्यंत पोचतं हे खरंय, पण ते मातीला चिकटलं की निकामी होतं आणि साइटवरची पानं कायम धुळीने माखलेली, त्यात कुणीतरी टाकीच्या तळाचं गढूळ पाणी कालवतं, मग झाडं नुसती पिवळी पडून परत फुटतात. मातीतल्या बियांना तर ते हातच लावत नाही. कामाला अजून बराच अवकाश असेल तर चालेल, आठवड्यात लाइन आउट (पायाची जमिनीवरची आखणी) असेल तर नादी लागू नका.

जेसीबीला वेगात तोड नाही, संध्याकाळपर्यंत प्लॉट चकाचक. माझं घोडं अडलं ते मातीच्या ढिगापाशी. बकेट झाड उपटत नाही हो, खरवडते. सुबाभळीचं खोड वर तुटतं, बुंधा खालीच राहतो, घाणेरीच्या फांद्यांचे तुकडे आणि बियांनी भरलेली वरची माती असं सगळं एकत्र कोपऱ्यात जाऊन पडतं. गाजर गवताच्या एका मोठ्या झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात आणि मातीत गाडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं. माती चांगली म्हणून ढीग कुणी फेकत नाही, जोत्यात ती भरायची नसतेच कारण मुळं कुजली की भराव बसतो, मग ती जाते कंपाउंडच्या कडेला, ड्रेनेजच्या चरावर, बागेच्या जागेत. पहिल्या पावसानंतर बघा, माती जिथे जिथे गेली तिथे तिथे गाजर गवत, आधी जिथे एक काडीसुद्धा नव्हती तिथेही. हे निस्तरताना मला इतका वैताग आला की तो वेग मला स्वस्त वाटेनासा झाला.

माणसं लावली की वेळ जातो आणि समोर उभं राहावं लागतं, कारण पाठ फिरली की कोयत्याने जमिनीलगत छाटून "झालं साहेब", आणि सुबाभूळ काय की वेडी बाभूळ काय, एका खोडाची चार-पाच होऊन वर येतात. घाणेरीला मात्र दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली पद्धत प्लॉटवरही मस्त चालते, जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. सुबाभळीची पोरं ओल्या जमिनीत हाताने येतात, मोठ्याला पहार लागते, अगदीच निघत नसेल तर कापल्या कापल्या बुंध्याला ब्रशने औषध, तेवढ्यापुरतं ते बरं. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालूनच, नाहीतर अंगाला खाज सुटते.

पायाचं खोदकाम तसंही मशीननेच होणार, तेवढ्या भागात जेसीबी घालायला माझी ना नाही, फक्त त्या वरच्या थराचा ढीग वेगळा ठेवायला ड्रायव्हरला आधीच सांगा. इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या मार्जिनमध्ये आणि बागेच्या जागेत मात्र मी तरी माणसंच लावीन.